हृदय बदलायची वेळ आली आहे, हे कसं ओळखायचं?

प्रश्न एका मुलीने विचारला आहे. वडील ५४ वर्षांचे, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून त्याचा स्नायू कमकुवत होण्याचा आजार), पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातलं दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, १८ टक्के. गेल्या सहा महिन्यांत तीनदा ॲडमिट झाले. लघवीच्या गोळीचा डोस दुप्पट झाला आहे आणि बीपी ९०च्या वर टिकत नाही म्हणून दोन औषधं कमी करावी लागली. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचं नाव काढल्यापासून वडील फारसं बोलत नाहीत. तिला विचारायचं आहे ते असं: औषधांवर अजून काही काळ निभेल का? मशीन बसवावं की दुसरं हृदय? आणि वडिलांनी तिला एकच गोष्ट विचारली आहे, ‘नंतर मला जिना चढता येईल का?’

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. बाबांना प्रत्यारोपण करणाऱ्या टीमकडे आत्ता न्या. पुढची भरती व्हायची वाट पाहू नका. तिथे जाणं म्हणजे ऑपरेशनला होकार देणं नाही. ‘अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी परत या’ असं ऐकून घरी जाणारेही पुष्कळ असतात, आणि तसं झालं तर आनंदच आहे. पण ते ठरवायला लागणारे आकडे तिथल्या तपासण्यांतूनच हाती येतात.

घाई का करायला सांगतो, ते एका उदाहरणावरून सांगतो. एक गृहस्थ आमच्याकडे स्ट्रेचरवरून आले. वर्षभरात पाच भरत्या झाल्या होत्या. दर वेळी सूज उतरली की घरी सोडायचे. आधीच्या ठिकाणी कुणी चुकीचं औषध दिलं नव्हतं. फक्त ‘आता पुढे काय’ हा प्रश्न पाचही वेळा कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे पोचले तोवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारा घटक) ३.८ झालं होतं, डोळे पिवळे, कानशिलं आत गेलेली, मांडीचं मांस उतरलेलं. हृदय मिळालं असतं तरी ते शरीर ऑपरेशन सोसणारं नव्हतं. मुलाने विचारलं, ‘पहिल्या भरतीनंतर आणलं असतं तर?’ मी त्याला खरं ते सांगितलं. तसं पुन्हा कुणाला सांगायची वेळ येऊ नये, म्हणून इतकं आग्रहाने लिहितो आहे. प्रत्यारोपणासाठी माणूस पुरेसा आजारी असावा लागतो आणि त्याच वेळी पुरेसा धडही. या दोन्हीच्या मधला काळ फार लांब नसतो, आणि घरच्यांना तो संपत आल्याचं सहसा कळत नाही.

कळावं कसं? इको रिपोर्टइतकंच माझं लक्ष घरच्यांच्या बोलण्याकडे असतं. बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागतो का? रात्री उशा किती लागतात, दोनाच्या तीन कधी झाल्या? अंघोळ झाल्यावर बसावं लागतं का? चार घास खाल्ले की पोट गच्च होतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक म्हणतात, ते ॲसिडिटीचं आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. हृदयाची उजवी बाजू थकली की यकृत आणि आतडी रक्ताने तुंबतात, भूक मरते, आणि सुजेच्या पाण्यामुळे वजनाच्या काट्यावर माणूस झिजतोय हे दिसतच नाही.

डॉक्टरी भाषेतल्या खुणा अशा: वर्षात एकाहून जास्त भरती, लघवीच्या गोळीचा वाढत जाणारा डोस, वरचं बीपी ९० किंवा त्याखाली, आधी सोसणारं औषध आता न सोसणं, क्रिएटिनिन चढणं, सोडियम उतरणं, आयसीडीचे (ठोका घातक रीतीने बिघडला की शॉक देणाऱ्या, छातीत बसवलेल्या यंत्राचे) वारंवार शॉक, पंपिंग २० टक्क्यांहून कमी, आणि डोब्युटामाइन किंवा मिलरिनोन या हृदयाला जोर देणाऱ्या औषधांची ड्रिप लावावी लागणं. यातली एक जरी दिसली तरी टीमचा सल्ला घ्यावा. तुमच्या प्रश्नात मला पाच दिसतात. त्यातही मला सर्वांत जास्त खटकते ती औषधं कमी करावी लागल्याची गोष्ट. घरी वाटतं, गोळ्या कमी झाल्या म्हणजे सुधारणा आहे. इथे त्याचा अर्थ असा की हृदय इतकं दमलंय, त्याला मदत करणारं औषधसुद्धा झेपत नाही.

औषधांवर निभेल का, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी औषधं खरोखर पूर्ण दिली गेली का, हे पाहावं लागतं. आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात: सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन किंवा त्याच जातकुळीचं औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि मूळची मधुमेहाची पण मधुमेह नसलेल्यांनाही दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. या चारही प्रकारांनी आयुष्य वाढतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. लघवीची गोळी यात येत नाही. तिने सूज उतरते, श्वास मोकळा होतो. आजाराची चाल ती बदलत नाही. शिवाय दुरुस्त होण्याजोगं काही राहून गेलंय का, हेही पाहायचं: थायरॉइड, दारू, सतत १२०-१३०ने धावणारी नाडी, गळणारी मायट्रल झडप, शरीरातलं लोह. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक, म्हणजे डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचणं, दिसत असेल, तर हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आणणारा पेसमेकर, म्हणजे सीआरटी, काही जणांत पंपिंग १८वरून ४०वर नेतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना प्रत्यारोपणाच्या यादीतून काढताना फार बरं वाटतं. हे सगळं करून झालं असेल आणि तरीही सहा महिन्यांत तीन भरत्या असतील, तर निव्वळ औषधांवर विसंबून राहायला मी सांगणार नाही.

टीमकडे गेल्यावर दोन तपासण्या निर्णायक ठरतात. पहिली, तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिल. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते त्यात मोजतात. बीटा ब्लॉकर चालू असताना हा आकडा किलोमागे मिनिटाला १२ मिलिलिटर किंवा त्याखाली आला, तर प्रत्यारोपणाचा विचार करावा असं मानतात. पंपिंग तेवढंच असलेल्या दोघांपैकी एक जण १७ गाठतो आणि दुसरा ९वर थांबतो. म्हणून केवळ इकोवर निर्णय होत नाही.

दुसरी, राइट हार्ट कॅथेटर. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही तपासणी का करायची हे घरच्यांना क्वचितच कुणी समजावतं. मानेच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत नेतात आणि दाब मोजतात. डावी बाजू वर्षानुवर्षं तुंबलेली असेल, तर मागे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही हळूहळू आकसून कडक होतात. दात्याच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला आयुष्यभर मऊ, कमी दाबाच्या फुप्फुसात रक्त ढकलायची सवय असते. त्याला अचानक अशा कडक फुप्फुसाला जोडलं, तर तो टेबलावरच फुगून बंद पडू शकतो. हा विरोध वूड युनिटमध्ये मोजतात. तो ३च्या वर असेल तर नळी आत असतानाच नायट्रोप्रुसाइडसारखं रक्तवाहिन्या सैलावणारं औषध सोडून आकडा उतरतो का ते पाहतात. सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर असतात. ५.२चा आकडा दहा-पंधरा मिनिटांत २.६वर आला आणि बीपीही टिकलं, तर मार्ग मोकळा आहे. आकडा हललाच नाही, तर लगेच प्रत्यारोपण धोक्याचं. पण तिथेही सगळं संपत नाही. डाव्या बाजूला पंप बसवला की काही महिन्यांत फुप्फुसं निवतात आणि पुढे प्रत्यारोपण करता येतं.

आता मशीन की हृदय.

नव्या हृदयाची अडचण कुठे असते, ते इतिहासातून चांगलं कळतं. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं. हृदय चाललं, रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. पुढच्या वर्षभरात जगात शंभरावर प्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. बहुतेक ठिकाणी हे काम थांबलं. स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे आणि त्यांचे सहकारी मात्र चिकाटीने करत राहिले. टाके घालणं तेव्हाही जमत होतं. शरीर परकं हृदय नाकारत होतं, आणि ते थोपवायला दिलेल्या औषधांनी जंतुसंसर्ग होत होता. नॉर्वेतल्या मातीच्या नमुन्यातल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं, १९८३मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि तिथून चित्र पालटलं. आज त्याच्या जागी बहुधा टॅक्रोलिमस देतात, जोडीला मायकोफेनोलेट आणि सुरुवातीला स्टेरॉइड. ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचं आयुष्य कठीण का, हे यावरून लक्षात येईल.

ऑपरेशन थोडक्यात असं. मेंदूमृत दात्याचं हृदय थंड द्रावणाने थांबवून, बर्फात ठेवून आणतात. ते बाहेर काढल्यापासून नव्या शरीरात रक्त मिळेपर्यंत साधारण चार तासांच्या आत सगळं व्हावं असा प्रयत्न असतो. आता बाहेरच रक्त देऊन हृदय धडधडतं ठेवणारी यंत्रंही काही ठिकाणी वापरतात, त्यामुळे लांबून आणणं शक्य झालं आहे. ज्यांचं हृदय आधी थांबलं आहे अशा दात्यांचीही हृदयं घेता येऊ लागली आहेत. पाच जोड घालायचे असतात: डावी कर्णिका, दोन महानीला, फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी. मग क्लॅम्प काढतात. फिकट पडलेला स्नायू गुलाबी होत जातो, क्षणभर नुसता थरथरतो आणि मग ठोका धरतो. कितीही वेळा पाहिलं तरी त्या क्षणी खोलीतलं बोलणं थांबतं. पलीकडे एका घरात त्याच रात्री कुणीतरी आपलं माणूस गमावून सही केलेली असते. रुग्णालाही हे मी आधी सांगतो, म्हणजे नंतर एकट्याने ते ओझं पेलावं लागत नाही.

आकडे: चांगल्या केंद्रांत शंभरातले ८५ ते ९० जण पहिलं वर्ष पार करतात. निम्मे रुग्ण १२-१३ वर्षांहून अधिक जगतात. पहिलं वर्ष पार केलेल्यांत त्याहून जास्त. वीस-पंचवीस वर्षं झालेलेही आहेत. औषधांवरच अडकलेल्या, ड्रिप लागणाऱ्या रुग्णांची तुलना करायची तर २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिमॅच चाचणीत अशा रुग्णांपैकी केवळ २५ टक्के जण वर्षभर जगले होते.

त्या बदल्यात काय द्यावं लागतं? टॅक्रोलिमस रोज ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून, जन्मभर. पहिल्या वर्षी दहा-पंधरा वेळा बायोप्सी: मानेच्या शिरेतून चिमटा घालून हृदयाच्या आतल्या भिंतीचे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडे घेतात. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारणं, सुरुवातीला सहसा काहीच त्रास देत नाही, म्हणून बरं वाटत असतानाही ही तपासणी चुकवायची नसते. मूत्रपिंडांवर ताण येतो, साखर वाढते, त्वचेच्या आणि इतर कर्करोगांचा धोका वाढतो. दुसऱ्या कुणी सहज लिहून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची पातळी भलती चढवतं आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन ती पार उतरवतं. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मूत्रपिंड बिघडवू शकते. म्हणून टीमला फोन केल्याशिवाय एकही नवी गोळी नाही. आणि नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कालांतराने सगळीकडून बारीक होत जातात. दहा वर्षांत जवळपास निम्म्यांत हे दिसतं. नसा तुटलेल्या असल्यामुळे छातीत सहसा दुखत नाही, त्यामुळे दरवर्षीची तपासणीच ते पकडते.

मशीन म्हणजे एलव्हॅड. हृदय जागच्या जागीच राहतं. डाव्या कप्प्याच्या टोकाला मुठीएवढाही नसलेला पंप बसवतात आणि तो रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. हार्टमेट ३ या पंपात चक्र चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतं, कुठे घासत नाही, त्यामुळे आत गुठळ्या होणं खूप कमी झालं आहे. पाच वर्षांनंतर ५८ टक्के रुग्ण हयात होते, जुन्या पंपात हे प्रमाण ४४ टक्के होतं. ज्यांना वयामुळे, कर्करोगामुळे किंवा दुसऱ्या कारणाने प्रत्यारोपण करता येत नाही, त्यांच्यासाठी ही कायमची सोय. बाकीच्यांसाठी हृदय मिळेपर्यंतचा आधार.

त्याच्यासोबत जगणं वेगळं असतं. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कंबरेच्या कंट्रोलरला आणि दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते. झोपताना विजेला जोडायचं. पोहणं नाही. वायरच्या तोंडाशी ड्रेसिंग निर्जंतुक हातांनीच करायचं, कारण तिथून शिरलेला संसर्ग पंपापर्यंत पोचला की वर्षानुवर्षं जात नाही. प्रवाह जवळपास अखंड असल्यामुळे मनगटाला नाडी बऱ्याचदा लागत नाही. बीपी डॉपलरने मोजावं लागतं, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर लब-डब ऐवजी बारीक गुणगुण ऐकू येते. पहिल्यांदा नवऱ्याची नाडी न लागल्यावर एका बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता त्याच इतरांना समजावतात. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घ्यावंच लागतं. पोटातून रक्तस्राव आणि पक्षाघात हे दोन मोठे धोके कमी झाले आहेत, गेलेले नाहीत. आणि पंप फक्त डाव्या बाजूचं काम करतो. उजवी बाजू आधीच ढेपाळली असेल तर तो पुरत नाही.

तुमच्या बाबांचं वय पाहता, मूत्रपिंड आणि फुप्फुसाचे दाब बरे निघाले, तर माझा कल प्रत्यारोपणाकडे राहील. पण हृदय मागून मिळत नाही. जगभरात वर्षाला नऊ-दहा हजारांच्या आसपासच हृदय प्रत्यारोपणं होतात आणि गरज त्याच्या कितीतरी पट आहे. रक्तगट, शरीराचा आकार, अँटिबॉडी आणि निकड यांवर नंबर लागतो. ‘ओ’ गटाच्या आणि उंच, धिप्पाड माणसाला जास्त थांबावं लागतं. यादीत असताना प्रकृती खालावू लागली तर मशीन वेळेवर बसवावं, मूत्रपिंडं थकेपर्यंत थांबू नये. एक्मो, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र, हा त्यापुढचा आधार, दिवसांचा किंवा फार तर आठवड्यांचा. त्यावर वर्ष काढता येत नाही. डुकराच्या बदललेल्या हृदयाची २०२२ आणि २०२३मधली दोन्ही प्रत्यारोपणं सहा-आठ आठवडे चालली. अभ्यास मोलाचा आहे, पण आज त्यावर भिस्त ठेवू नका.

यातलं काहीच शक्य नसलं किंवा बाबांना नको असलं, तरी उपचार संपत नाहीत. उपशामक, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, टीमला मी शेवटच्या आठवड्यात बोलावत नाही, पहिल्या मूल्यमापनापासूनच सोबत घेतो. मॉर्फिनच्या अगदी लहान डोसाने काही जणांची धाप सुसह्य होते. आयसीडी असेल तर शेवटच्या काळात त्याचे शॉक बंद करता येतात. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही आणि त्याने मृत्यू ओढवत नाही, फक्त शेवटच्या तासांत छातीत धक्के बसत नाहीत. हे बोलणं माणूस शुद्धीवर आणि बसून बोलू शकतो तेव्हाच करावं.

बाबा गप्प आहेत, ते भीतीनेच असेल असं धरू नका. मी रुग्णाला एकट्याला विचारतो, ‘काय झालं तर जगणं नकोसं वाटेल?’ कुणी म्हणतं, रोज वायर सांभाळणं. कुणी म्हणतं, अंथरुणात पडून राहणं. त्या उत्तरावर पुढचा बराच निर्णय ठरतो. तुम्ही विचारून पाहा, आणि मधे बोलू नका.

जाताना तिन्ही भरत्यांचे डिस्चार्ज पेपर, सर्व इको, ईसीजी, क्रिएटिनिन आणि सोडियमचे जुने-नवे आकडे, आणि कोणतं औषध कधी व का बंद केलं याची टिपण न्या. उद्यापासून सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी वजन लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पायाला सूज दिसायची वाट न पाहता फोन करा.

राहिला जिना. हे बाबांना वाचून दाखवा. हो, चढता येईल, बहुतेकांना तीन महिन्यांत येतो. पण बसवलेल्या हृदयाला मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे ते बसल्या जागीही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं, आणि पाय चालू लागले हे त्याला रक्तातल्या संप्रेरकांवरूनच कळतं. त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून आधी पाच मिनिटं सपाटीवर चालायचं, मग पहिली पायरी. वर पोचून खुर्चीत बसलात तरी ते थोडा वेळ जोरात धडधडत राहील. घाबरायचं नाही, ते हळूहळू उतरतं.